छोटे देणगीदार देश विकासमदत कशी वाटतात? सीमाभागातल्या संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीपासून बिदरकडच्या भालकी-औरादपर्यंत पाणी, शिक्षण, महिला बचत गट आणि पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्था नेहमी विचारतात की "नॉर्वे किंवा आयर्लंडसारख्या देशाकडून पैसा मिळेल का?" आधी त्या देशांचा हिशेब समजून घेतला की कुठे अर्ज करायचा आणि कुठे वेळ घालवायचा नाही हे आपोआप कळतं. म्हणून इथे पहिले काही प्रश्न त्यांच्याकडच्या कारभाराचे आहेत, नंतरचे आपल्याकडच्या कागदपत्रांचे.

छोटा देणगीदार देश नेमका कोणाला म्हणायचं?

ज्याची एकूण मदत अमेरिका, जर्मनी किंवा जपानच्या तुलनेत थोडी आहे, त्याला. असा देश गरीब नसतो आणि कंजूषही असेलच असं नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती. आइसलँड हा आख्खा देश त्याहून लहान आहे. लक्झेंबर्गची लोकसंख्या सात लाखांच्या आत, आणि आपला बेळगाव जिल्हा त्याच जनगणनेत जवळपास ४८ लाखांचा.

दिलदारी मोजायची ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी श्रीमंत देशांसमोर उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचं उद्दिष्ट ठेवलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग यांनी ते अनेक वर्षं पाळलं, मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी बहुतेकांनी नाही. आयर्लंड, फिनलंड, बेल्जियम, ऑस्ट्रिया, पोर्तुगाल आणि न्यूझीलंड मधल्या फळीत येतात. चेकिया, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बाल्टिक देश या वाटेवर नवे आहेत. २००२ नंतर युरोपीय संघात आलेल्या देशांसाठी २०३० पर्यंतचं उद्दिष्टही ०.३३ टक्के इतकंच आहे.

मदतीचा आकडा दरवर्षी कोण आणि कसा ठरवतो?

साखळी साधारण अशी असते: संसद एकूण रकमेला मंजुरी देते, परराष्ट्र खातं त्याचे वाटे पाडतं, मग विकास संस्था किंवा वकिलात प्रत्यक्ष करार करते. नॉर्वेत 'नोराड', डेन्मार्कमध्ये 'डानिडा', लक्झेंबर्गमध्ये 'लक्सडेव्ह', बेल्जियममध्ये 'एनाबेल', एस्टोनियात २०२१ साली स्थापन झालेली 'एस्टडेव्ह'. आइसलँडने आपली स्वतंत्र संस्था २०१६ च्या सुरुवातीला परराष्ट्र खात्यातच विलीन केली.

टक्केवारी हे मोठं वचन वाटतं, पण त्यात एक खाच आहे. समजा राष्ट्रीय उत्पन्न ४०० अब्ज युरो आहे आणि मदत ०.५ टक्के, म्हणजे २ अब्ज. उत्पन्न पाच टक्क्यांनी घटलं तर टक्केवारी तीच राहूनही १० कोटी युरो गायब होतात. चालू करार मोडता येत नाहीत, त्यामुळे कात्री लागते ती नव्या करारांना.

दुसरी खाच आणखी महत्त्वाची. देणगीदार देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या बारा महिन्यांत होणारा खर्च आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विकासमदत म्हणूनच मोजता येतो. २०१५ मध्ये सीरियातून आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून लोक युरोपात आले, तेव्हा मदतीचे आकडे फुगले, पण त्यातला बराच पैसा देणगीदार देशाच्या सीमेबाहेर गेलाच नाही. "मदत वाढली" अशी बातमी वाचून कुणी अर्ज करणार असेल तर आधी हा भाग वजा करून बघावा.

त्या रकमेचे वाटे कसे पडतात?

एक वाटा आंतरराष्ट्रीय संस्थांना जातो: संयुक्त राष्ट्रांच्या संघटना, जागतिक बँकेची सवलतीच्या कर्जाची शाखा 'आयडीए', युरोपीय संघाचा विकासासाठीचा अर्थसंकल्प. आयडीएसाठी देणगीदार दर तीन वर्षांनी बसून पुढच्या रकमा ठरवतात. युरोपीय संघात नव्याने आलेल्या देशांच्या मदतीचा फार मोठा भाग संघाच्या अर्थसंकल्पातूनच जातो, कारण सभासद म्हणून ती वर्गणी भरावीच लागते. उरलेल्यातून स्वतःचे प्रकल्प, म्हणून ते थोडे असतात. जागतिक बँकेच्या संचालक मंडळावर डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँड आणि तीन बाल्टिक देश अशा आठ जणांचा मिळून एकच प्रतिनिधी बसतो. एकट्याचं वजन कमी पडतं, तेव्हा गट करून बोलायची ही रीत.

दुसरा वाटा थेट दुसऱ्या देशाच्या सरकारशी केलेल्या करारांचा. तिसरा आपत्ती आणि युद्धग्रस्तांसाठी. आपल्या कामाचा आहे तो चौथा वाटा, स्वतःच्या देशातल्या स्वयंसेवी संस्थांमार्फत जाणारा.

कोणत्या देशाला द्यायचं हे कशावर ठरतं? गरिबीवरच ना?

गरिबी हा एक निकष आहे, एकमेव नाही. अल्बर्टो अलेसिना आणि डेव्हिड डॉलर या अर्थतज्ज्ञांनी २००० साली दाखवलं की वसाहतीचा इतिहास आणि राजकीय मैत्री यांचा मदतीच्या वाटपावर मोठा प्रभाव असतो. त्यात नॉर्डिक देश वेगळे निघाले, कारण त्यांचा पैसा गरीब आणि बरा कारभार असलेल्या देशांकडे अधिक वळत होता.

नकाशा पाहिला की हे लगेच दिसतं. पोर्तुगालची मदत मुख्यतः मोझांबिक, अंगोला, केप व्हर्दे अशा पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांना आणि पूर्व तिमोरला जाते. बेल्जियमचा जुना संबंध काँगो, रवांडा आणि बुरुंडीशी आहे. न्यूझीलंड मदतीचा निम्म्याहून मोठा भाग पॅसिफिक बेटांसाठी राखतो. एस्टोनिया आणि चेकिया मोल्दोव्हा-जॉर्जियाकडे अधिक बघतात. आपलं सरकार कागदावरून संगणकावर कसं नेलं, हा एस्टोनियाचा ताजा अनुभव आणि तोच ते देऊ करतात. लक्झेंबर्गने सेनेगल, केप व्हर्दे, लाओस असे मोजकेच देश निवडले आणि प्रत्येकाशी चार-पाच वर्षांचा करार केला.

मोजकेच देश का, याचं कारण माणसं. नव्या देशात वकिलात, हिशेबनीस, तपासणी सगळं उभं करावं लागतं आणि तो खर्च मदतीची रक्कम लहान असली तरी तेवढाच येतो. वीस देणगीदार एकाच आरोग्य खात्याकडे वीस वेगवेगळे अहवाल मागू लागले की ते खातं अहवालच लिहीत बसतं. यावर उपाय म्हणून २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात समन्वयाची कलमं आली, आणि २००७ साली युरोपीय संघाने आपल्या सभासदांना सांगितलं की एका देशात शक्यतो तीनपेक्षा जास्त क्षेत्रांत हात घालू नका. एखाद्या देशात स्वतःचं कार्यालय नसेल तर दुसऱ्या देणगीदाराच्या हाती पैसे सोपवायचे, हिशेब त्यानेच बघायचा, ही पद्धतही त्यातून रुळली.

एवढ्या थोड्या पैशात काही दिसण्यासारखं काम होतं का?

होतं, जागा नीट निवडली तर. आइसलँड १९८९ पासून मलावी या आफ्रिकी देशात आहे. सुरुवात मासेमारीपासून झाली, कारण तोच त्यांचा हातखंडा विषय. नंतर २०१२ पासून त्यांनी तलावाकाठच्या मांगोची जिल्ह्यावर मुख्य लक्ष धरलं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या आराखड्यातलीच कामं घ्यायची: पिण्याच्या पाण्याचे बोअर, प्राथमिक शाळा, बाळंतपणाच्या सोयी. पैसा जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो आणि इंजिनिअर, आरोग्य अधिकारी तिथलेच. धोकाही तिथेच असतो, कारण जिल्ह्याची निविदा अडकली तर देणगीदाराचं कामही अडकतं. त्यामुळे पाहणी आणि लेखापरीक्षण दोन्ही सतत चालू ठेवावं लागतं.

याच आइसलँडने १९७९ पासून भूऔष्णिक ऊर्जेचे प्रशिक्षणवर्ग चालवले. पुढे त्यात मत्स्यव्यवसाय, जमीन सुधारणा आणि स्त्री-पुरुष समानता हे विषय आले. आता हे चारही वर्ग युनेस्कोच्या छत्राखाली चालतात. आपल्याला जे खरोखर येतं तेच देणं, हे आमच्या मते छोट्या देणगीदाराचं सर्वांत शहाणं धोरण. सीमाभागातल्या संस्थांनीही देणगीदार निवडताना हेच बघावं. पाणलोटाचं काम करणाऱ्याने डिजिटल कारभार शिकवणाऱ्या देशाकडे जाऊन उपयोग नाही.

मग भारतात यांचे सरकारी प्रकल्प का नाहीत? पूर्वी होते ना?

होते, आणि आपल्या भागातही होते. नॉर्वेच्या परदेशी विकासमदतीची सुरुवातच १९५२ च्या करारातून केरळच्या किनाऱ्यावरच्या मासेमारी प्रकल्पाने झाली. १९८२ पासून डेन्मार्कच्या मदतीने कर्नाटकात शेतकरी महिलांना शेतीचं प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम चालला. 'महिला समाख्या' ही ग्रामीण महिलांच्या शिक्षणाची आणि सक्षमीकरणाची योजना १९८९ साली डच सरकारच्या निधीतून कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि गुजरातमध्ये सुरू झाली. कर्नाटकातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत बिदर होता, म्हणजे मराठी बोलणारी भालकी-औरादची गावं असलेलाच जिल्हा.

१९९८ च्या अणुचाचणीनंतर अनेक देशांनी हात आखडता घेतला, आणि मग निर्णय दिल्लीनेच घेतला. २००३ साली भारत सरकारने जाहीर केलं की सरकार-ते-सरकार मदत फक्त मोजक्या मोठ्या देणगीदारांकडून घेऊ. २००४ च्या सुधारित धोरणात जी-८ देश आणि युरोपीय आयोग यांना मुभा मिळाली. जी-८ बाहेरच्या युरोपीय संघातील देशांसाठी अट अशी होती की भारताला वर्षाला किमान २.५ कोटी डॉलर देण्याची तयारी हवी. बाकीच्यांनी स्वयंसेवी संस्था, विद्यापीठं किंवा आंतरराष्ट्रीय संघटनांमार्फत द्यावं, असं सांगितलं गेलं. छोट्या करारांचा कागदी बोजा मिळणाऱ्या रकमेच्या मानाने फार होतो, हे त्यामागचं एक व्यवहारी कारण.

त्यामुळे वकिलातीत जाऊन "आमच्या तालुक्यात सरकारी प्रकल्प द्या" असं म्हणण्यात अर्थ नाही. ते दार त्यांनी नव्हे, आपल्या सरकारने बंद केलं आहे.

बेळगावातलं चोवीस तास पाणी ही परदेशी मदतच होती ना?

नाही. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीतल्या प्रायोगिक वॉर्डांतलं चोवीस तास पाणी जागतिक बँकेच्या कर्जावर झालं. कर्ज परत फेडायचं असतं. लक्झेंबर्गसारखा देश जवळपास सगळी मदत अनुदान म्हणून देतो, ती फेडावी लागत नाही. भारत २०१४ साली आयडीएच्या नेहमीच्या कर्जदारांच्या यादीतून बाहेर पडला. त्यामुळे छोट्या देशांनी आयडीएत घातलेला पैसा आता नेहमीच्या वाटेने इकडे येत नाही.

२०१९ च्या पुरात परदेशी सरकारांची मदत का आली नाही?

२००४ च्या त्सुनामीपासून भारत आपत्तीत परदेशी सरकारांची मदत सहसा मागत नाही आणि घेतही नाही. २०१८ च्या केरळच्या पुरातही हेच झालं. पण एफसीआरए (परदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशी स्वयंसेवी संस्थेकडून पुरासाठी निधी घेता येतो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावरच्या संस्थांनी जूनच्या आधीच आपल्या भागीदाराशी बोलून ठेवलेलं बरं, पाणी चढल्यावर करार होत नाहीत.

आमच्यासारख्या संस्थेला उघड्या असलेल्या वाटा कोणत्या?

पहिली आणि मोठी वाट म्हणजे देणगीदार देशातली स्वयंसेवी संस्था. ती आपल्या सरकारकडून मान्यता घेते, सरकार प्रकल्पाचा मोठा भाग देतं आणि उरलेला ती स्वतः जमवते. त्यांचा स्वतःचा हिस्सा अनेकदा १० ते २० टक्के असतो. आयर्लंडमध्ये मिशनरी संस्थांच्या विकासकामासाठी 'मिशन कारा' ही संस्था सरकारी निधी वाटते. अशा संस्थेसाठी तुम्ही स्थानिक भागीदार असता. अर्ज त्यांचा, काम तुमचं, आणि उत्तरदायी दोघेही. तुम्ही थेट त्या देशाच्या मंत्रालयाला पत्र पाठवलंत तर उत्तर येणार ते "आमच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत या" असंच.

दुसरी वाट वकिलातींच्या लहान निधींची. फिनलंडच्या वकिलाती स्थानिक सहकार्य निधी चालवतात, चेकियाच्या लहान स्थानिक प्रकल्प घेतात. कोणत्या वर्षी कोणता देश त्यात आहे हे बदलतं, म्हणून वकिलातीच्या संकेतस्थळावर चालू आवाहन आहे का ते आधी पाहावं. रक्कम लहान आणि मुदत कमी असल्याने एखादी ठोस वस्तू किंवा प्रशिक्षण यासाठी ही वाट बरी. कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी तिच्यावर विसंबू नये.

तिसरी वाट संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांची. छोट्या देशांचा पैसा युनिसेफसारख्या संघटनेतून आला, तर एफसीआरएच्या दृष्टीने तो परदेशी स्रोत धरला जात नाही. संयुक्त राष्ट्रं, त्यांच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांना त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. परदेशी सरकार आणि परदेशी स्वयंसेवी संस्था मात्र परदेशी स्रोतच.

एफसीआरएचं नेमकं काय लागतं?

परदेशी योगदान नियमन कायदा २०१० चा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फार कडक झाला. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नीती आयोगाच्या 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांचं आधार लागतं. अर्ज ऑनलाइन, एफसी-३ए फॉर्मवर.

एवढा खर्च झालेला नसेल तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, फॉर्म एफसी-३बी. यात ठरलेल्या देणगीदाराचं ठरलेल्या रकमेचं आणि ठरलेल्या कामाचं पत्र जोडावं लागतं. एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार परवानगी मिळाल्यापासून तीन वर्षांत पैसा घ्यायचा आणि चार वर्षांत खर्च करायचा. पहिल्यांदाच परदेशी भागीदार मिळालेल्या लहान संस्थेला हाच मार्ग जास्त जुळतो.

पैसा येणार तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेच्या शाखेतून कागद पाठवता येतात. तिथून पैसा बेळगावातल्या किंवा खानापुरातल्या बँकेच्या वापर-खात्यात वळवता येतो. या खात्यांत स्थानिक देणगी, सभासद वर्गणी असलं काहीही जमा करायचं नाही. एका संस्थेकडून दुसरीकडे परदेशी निधी वळवायला २०२० पासून पूर्ण बंदी आहे. त्यामुळे "मोठी संस्था घेईल आणि आम्हाला देईल" हा जुना मार्ग संपला.

वार्षिक विवरण एफसी-४ हे आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. एक पैसा आला नसला तरी नोंदणीकृत संस्थेने शून्य विवरण भरावं लागतं. पदाधिकारी किंवा पत्ता बदलला तर ४५ दिवसांत कळवावं. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज नोंदणी संपण्याच्या किमान चार महिने आधी टाकावा, सहा महिने आधी टाकलात तर उत्तम.

आमचे काही कार्यकर्ते सीमाप्रश्नाच्या चळवळीत आहेत. अडचण येईल का?

नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, जेलभरो असे मार्ग वापरणाऱ्या संघटनांना राजकीय स्वरूपाच्या ठरवण्याची तरतूद होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ मर्यादित केला आणि त्याच वर्षी नियमही बदलले. सक्रिय किंवा पक्षीय राजकारणात भाग घेत असेल तरच अशी संघटना राजकीय ठरते. तरी संस्थेचे ठराव, लेटरहेड, गाडी आणि खातं चळवळीपासून पूर्ण वेगळं ठेवा. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार, आमदार, खासदार, सरकारी नोकर आणि वृत्तपत्राशी संबंधित मंडळी यांना परदेशी योगदान घेताच येत नाही. ग्रामपंचायत किंवा महापालिकेची निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या पदाधिकाऱ्याने आधी पद सोडावं आणि तसं ४५ दिवसांत कळवावं.

अंदाजपत्रक कसं मांडायचं? एक नमुना द्याल का?

नमुना घेऊ. खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांत सहा झरे बांधून काढायचे, मुदत २४ महिने, एकूण ३० लाख रुपये. दर उदाहरणादाखल धरले आहेत, तुमच्या गावचे दर घाला.

झऱ्याची टाकी आणि गाळणी, सहा ठिकाणी, प्रत्येकी १,८०,००० प्रमाणे १०,८०,०००. पाइप आणि नळ, प्रत्येकी ९०,००० प्रमाणे ५,४०,०००. पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन वर्षांत २४ नमुने, २,५०० प्रमाणे ६०,०००. दोन क्षेत्र कार्यकर्ते, १५,००० रुपये मानधनावर, २४ महिने, ७,२०,०००. वाडीच्या पाणी समितीचं प्रशिक्षण १,२०,०००. कामाचा खर्च झाला २५,२०,०००.

प्रशासकीय खर्च असा: अर्धवेळ हिशेबनीस ८,००० प्रमाणे १,९२,०००, भाडं आणि वीज ४,००० प्रमाणे ९६,०००, लेखापरीक्षण ३०,००० प्रमाणे ६०,०००, गाडी आणि डिझेल १,३२,०००. बेरीज ४,८०,०००, म्हणजे १६ टक्के. कायद्याची मर्यादा २० टक्के आहे, थोडी जागा उरली.

इथे बऱ्याच संस्था चुकतात. ही मर्यादा आख्ख्या प्रकल्पावर नाही, त्या आर्थिक वर्षातल्या निधीवर मोजतात. पहिल्या वर्षी हप्ता थोडाच आला आणि कार्यालय मात्र पूर्ण वर्ष चालवलं, तर प्रकल्पाचं गणित बरोबर असूनही त्या वर्षी मर्यादा ओलांडली जाते. म्हणून हप्त्यांचं वेळापत्रक आणि प्रशासकीय खर्चाचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडूनच करारावर सही करा.

अभयारण्याच्या हद्दीतल्या वाड्या असतील, जसं भीमगडमध्ये, तर वनखात्याची लेखी परवानगी प्रस्तावाआधी मिळवा. ती नसेल तर बांधकामाचा हप्ता सुटणार नाही, आणि उन्हाळा हातचा गेला की कोसळणाऱ्या पावसात चार-पाच महिने काहीच बांधता येत नाही.

त्यांचं वर्ष आणि आपलं वर्ष जुळत नाही, मग?

युरोपातल्या बहुतेक देशांचं अर्थवर्ष जानेवारी ते डिसेंबर, न्यूझीलंडचं जुलै ते जून, आपलं एप्रिल ते मार्च. त्यांच्याकडे वर्ष संपता संपता, ऑक्टोबरनंतर, शिल्लक रक्कम खर्ची टाकण्याची घाई असते. तेव्हा तयार, सही झालेला प्रस्ताव हातात असलेल्या संस्थेला संधी मिळते. पण डिसेंबरअखेर आलेला पैसा तुम्हाला मार्चआधी नीट खर्च करता येत नाही आणि तो एफसी-४ मध्ये शिल्लक दिसतो. ती शिल्लक कोणत्या कामासाठी राखली आहे हे ठरावात लिहून ठेवा.

करार युरोत किंवा क्रोनरमध्ये असेल तर विनिमय दर पाच टक्क्यांनी फिरला की ३० लाखांच्या प्रकल्पात दीड लाखाचा फरक पडतो. फायदा कुणाचा आणि तोटा कुणी सोसायचा हे कलम करारात असतंच, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कन्नड आणि मराठीतले कागद चालतात का?

संस्था कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली असेल तर नोंदणीपत्र, जमिनीचा उतारा आणि पंचायतीचा ठराव बहुधा कन्नडमध्ये असतो, जुनी सभावृत्तं मराठीत. परदेशी लेखापरीक्षकाला इंग्रजी लागतं. घटना, नोंदणीपत्र, पदाधिकाऱ्यांची यादी आणि गेल्या तीन वर्षांचे हिशेब यांची प्रमाणित भाषांतरं एकदाच करून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. आधारवर एक, पॅनवर दुसरं, कन्नड कागदावर तिसरं असेल तर अर्ज तिथेच थांबतो. चंदगड-कागलमध्येही काम असेल तर हरकत नाही, कायदा केंद्राचा आहे. फक्त कार्यक्षेत्रात दोन्ही राज्यांतली गावं नावानिशी लिहा.

प्रकल्प मधेच का बंद पडतात?

बहुतेक वेळा पैसा खाल्ला म्हणून नाही, तर कागद मागे राहिले म्हणून. खरेदीची तीन दरपत्रकं नाहीत, मजुरांच्या हजेरीपटावर सह्या एकाच हाताच्या, टाकीचा फोटो आहे पण तारीख-ठिकाण नाही. देणगीदार देशाच्या स्वयंसेवी संस्थेचीही दर काही वर्षांनी त्यांच्या सरकारकडून तपासणी होते. तुमची त्रुटी तिच्या मान्यतेवर येते, म्हणून ती हप्ता थांबवते.

दुसरं कारण जास्त दुःखाचं. देणगीदाराच्या देशात ज्या विषयाला त्या वर्षी प्राधान्य असतं, त्याप्रमाणे संस्था आपलं काम वाकवते. निपाणीच्या विडी कामगार महिलांना श्वसनाच्या तपासणीची आणि पेन्शनच्या कागदांची गरज असताना तिथे दुसराच विषय नेला, तर बैठकांना माणसं येत नाहीत आणि अहवालात सांगण्यासारखं काही उरत नाही. विषय जुळत नसेल तर तो देणगीदार सोडून द्यावा.

"अनुदान मंजूर, प्रक्रिया शुल्क भरा" असा मेल आला आहे.

फसवणूक आहे. सरकारी देणगीदार किंवा त्यांची मान्यताप्राप्त संस्था अनुदान देण्यासाठी शुल्क मागत नाही आणि अर्ज न करता मंजुरीही देत नाही. टक्केवारीवर "एफसीआरए करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थालाही लांब ठेवा. पोर्टलचा पासवर्ड त्याच्या हाती गेला की संस्थेच्या नावावर काय भरलं जातंय हे तुम्हाला कळतही नाही.

देणगीदार देशाने अचानक भारतातून काढता पाय घेतला तर?

सरकार बदललं की प्राधान्याचे देश बदलतात, हे गृहीतच धरा. करारात बाहेर पडण्याची मुदत किमान सहा महिन्यांची मागा आणि त्या काळातलं कार्यकर्त्यांचं मानधन त्यात लिहून घ्या. परदेशी निधीतून घेतलेल्या वस्तू आणि बांधकामाची नोंदवही वेगळी ठेवा, कारण नोंदणी रद्द झाली किंवा संस्थेने ती परत केली तर ती मालमत्ता कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. झऱ्याची टाकी आणि नळ पहिल्या वर्षातच पाणी समिती आणि पंचायतीच्या नावे ठरावाने सोपवा. तसा हस्तांतरणाचा मसुदा देणगीदाराच्या लेखी संमतीसह मूळ करारालाच जोडा.